वाचकांचे प्रश्न : तेजीच्या बाजारात अडून राहिलेले घर

प्रश्न : आमचे राहते घर आम्ही साडेपाच महिन्यांपूर्वी विक्रीला काढले. याच काळात आमच्याच गल्लीतील तीन घरे दोन-दोन आठवड्यांत विकली गेली आणि त्यांपैकी एकाला तर मालकाने सांगितलेल्या किमतीपेक्षा दहा टक्के अधिक मिळाले. आमच्याकडे आतापर्यंत चाळीसएक कुटुंबे येऊन गेली. बहुतेकांनी घराची स्तुती केली, काहींनी ‘कळवतो’ म्हटले, पण कळवले कोणीच नाही. किंमत आम्ही दोनदा थोडी-थोडी कमी केली. घरांना सगळीकडे एवढी मागणी असताना आमच्याच घराने कोणाचे काय घोडे मारले आहे?

उत्तर : आपल्या पत्रातील अस्वस्थता मला पूर्णपणे समजते, कारण मंदीत घर अडकले तर दोष बाजाराला देता येतो, तेजीत अडकले की माणूस घराकडे आणि स्वतःकडे संशयाने पाहू लागतो. म्हणून प्रथम एक हिशेब मांडतो. समजा, एखाद्या भागात दर महिन्याला दहा घरे विक्रीस येतात. त्यांपैकी नऊ आठवडाभरात विकली जातात आणि एकच घर सहा महिने पडून राहते. आता कोणत्याही एका दिवशी विक्रीची यादी उघडली, तर झटपट जाणाऱ्या घरांपैकी दोन-तीनच तेथे दिसतील, कारण बाकीची येऊन गेलेली असतील. मागे रेंगाळलेली मात्र दर महिन्याला एक याप्रमाणे साठत जाऊन सहा असतील. म्हणजे दहांतील नऊ घरे भराभर विकणाऱ्या बाजारातही यादीवरील बहुसंख्य घरे रेंगाळलेलीच असतात. आपण एकटे नाही, हा या हिशेबाचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे : ‘घरे सरासरी इतक्या दिवसांत विकली जातात’ हा आकडा बहुधा केवळ विकल्या गेलेल्या घरांवरून काढलेला असतो. जी घरे अजून उभी आहेत, ती त्या सरासरीत धरलेलीच नसतात.

आता गल्लीतील त्या तीन घरांकडे वळू. घर विक्रीला निघते त्या दिवशी बाजारात दोन प्रकारचे खरेदीदार असतात. पहिला साठलेला, म्हणजे कित्येक महिने शोधत असलेला, यादीवरील जुनी घरे पाहून ती नापसंत केलेला आणि नवे काही येताच धावत येणारा. दुसरा रोज थोडा-थोडा नव्याने येणारा. नव्या घरावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साठलेल्या खरेदीदारांचा सगळा लोंढा येतो. त्यांना ते पसंत पडले नाही, तर ते पुन्हा सहसा येत नाहीत आणि यापुढे घराची भिस्त केवळ नव्याने येणाऱ्यांवर राहते. तेजीत हा साठा मोठा असतो, म्हणून पहिल्या आठवड्यांची गर्दीही मोठी असते आणि ती ओसरल्यानंतरची शांतता अधिक जाणवते. आपल्याकडे आलेल्या चाळीस कुटुंबांच्या तारखा आठवून पाहा. त्यांतील बहुतेक पहिल्या महिन्यातच येऊन गेली असतील, असा माझा अंदाज आहे.

मग त्यांनी नाकारले का? येथे आपल्या पत्रातील ‘दहा टक्के अधिक’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. शेजाऱ्याच्या घराला मिळालेला भाव हाच आपल्याही घराचा भाव, असे समजणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु चुरशीने विकल्या गेलेल्या घराचा भाव कसा ठरतो ते पाहावे. समजा, पाच जण बोली लावत होते. शंभरावर एक थांबला, एकशे तीनवर दुसरा, एकशे पाचवर तिसरा, एकशे आठवर चौथा. पाचव्याने एकशे दहा देऊन घर घेतले. तो पाचवा आता घराचा मालक झाला आहे आणि खरेदीदारांच्या रांगेतून बाहेर पडला आहे. मागे उरलेल्या चौघांनी आपली मर्यादा स्वतःच दाखवून दिली आहे आणि त्यांतील कोणाचीही मर्यादा एकशे दहापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ज्या भावावर आपण आशा बांधली, तो भाव देण्याची तयारी उरलेल्यांपैकी कोणीच दाखवलेली नाही. शेजारचा भाव हा आपल्यासाठी पाया नव्हे; तो त्या दिवशीचा माथा होता.

किमतीला चिकटून राहण्याचा मनुष्यस्वभाव अर्थशास्त्रज्ञांनी मोजलाही आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी 1990 च्या दशकातील बॉस्टन शहराच्या मध्यभागातील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास करून 2001 मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या मालकांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावे लागणार होते, त्यांनी सांगितलेली किंमत इतरांपेक्षा चढी होती. अपेक्षित विक्रीमूल्य आणि मूळ खरेदी यांतील तफावतीच्या 25 ते 35 टक्के इतकी ती वाढवलेली आढळली. त्यांना प्रत्यक्षात थोडा अधिक भाव मिळालाही, तथापि त्यांची घरे विकली जाण्याचा वेग खूपच मंद राहिला. तेथे तुलना मूळ खरेदीच्या किमतीशी होती. माझे मत असे की तेजीत खरेदीच्या किमतीची जागा शेजाऱ्याचा भाव घेतो. त्यापेक्षा कमी मिळाले की प्रत्यक्षात नफा होत असतानाही मनाला ते नुकसानच वाटते.

तथापि सारा दोष किमतीवर टाकणे मला मान्य नाही. ‘योग्य किमतीला काहीही विकले जाते’ हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. काही दोष किमतीने भरून निघतात : वरच्या मजल्यावर जिन्याने जावे लागणे, रस्त्याचा आवाज, जुनी विजेची तारजोडणी. काही दोष मात्र खरेदीदारांची संख्याच घटवतात. मालकी हक्काच्या कागदांत खंड असेल, वारसांपैकी एकाची संमती नसेल, पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंद नसेल किंवा मंजुरी न घेता खोली वाढवली असेल, तर बँक कर्ज देण्यास कचरते आणि मग फक्त रोख रक्कम असलेलाच खरेदीदार उरतो. तेजीत आणखी एक अडचण येते. बँकेचे मूल्यांकन पूर्वी झालेल्या व्यवहारांवर आधारलेले असते, त्यामुळे चढत्या भावाच्या ते काही पावले मागे राहते आणि ठरलेला भाव व मूल्यांकन यांतील फरक खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. पुष्कळ ‘कळवतो’ येथेच विरून जातात. माणूस घराला नाही म्हणत नसतो, त्याला बँक नाही म्हणालेली असते आणि ते सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

आपल्या घराचे नेमके काय झाले आहे हे मी दुरून सांगू शकत नाही, पण गळती कोठे होते ते आपल्याला शोधता येईल. जाहिरात पाहूनही फोन येत नसतील तर दोष किमतीत किंवा छायाचित्रांत असतो. फोन येऊन लोक पाहायलाही येतात, पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तेव्हा जाहिरातीत न दिसणारे आणि दारात पाऊल टाकताच जाणवणारे काही तरी असते : ओल, अंधार, कुबट वास, स्वयंपाकघरातून जावे लागणारी शयनखोली, भरगच्च सामान. दुसऱ्यांदा येतात, घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन येतात, खोल्या मोजतात आणि तरीही इसारापर्यंत पोहोचत नाहीत, तर कागदपत्रे, कर्ज किंवा आपली बोलणी करण्याची रीत तपासावी. चाळीस कुटुंबे येऊन एकही दुसऱ्यांदा आले नसेल, तर मी मधल्या टप्प्याकडे बोट दाखवीन. स्तुतीवर मात्र विसंबू नये. परक्याच्या घरात उभे राहून त्याच्या तोंडावर कोणी दोष काढत नाही. ज्याला घर खरोखर घ्यायचे असते, तोच ओलीच्या डागावर बोट ठेवतो आणि तो किती जुना आहे ते विचारतो.

आमच्या कुटुंबातील एक घर भावंडांना मिळून विकायचे होते, तेव्हा आम्हालाही हे उशिरा समजले. आईची कपाटे रिकामी करण्याचे कोणाचे मन होत नव्हते, म्हणून घर बंदच राहिले आणि येणारे प्रत्येक माणूस दहा मिनिटांत बाहेर पडले. शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी हळूच सांगितले, ‘अहो, येथे अजून कोणी तरी राहते असे वाटते.’ आम्ही कपाटे रिकामी केली, खिडक्या आठ दिवस उघड्या ठेवल्या आणि नंतर आलेल्या तिसऱ्या कुटुंबाने घर घेतले. किंमत आम्ही बदलली नव्हती.

प्रश्न : घासाघीस होणारच, म्हणून आधी पंधरा टक्के जास्त सांगावे आणि हळूहळू खाली यावे, असे आमच्या घरी ठरत आहे. यात बिघडते काय?

उत्तर : चढ्या आकड्याचा परिणाम खरेदीदाराच्या मनावर होतो, हे खोटे नाही. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच घर विद्यार्थ्यांना आणि दलालांना दाखवले होते, मात्र प्रत्येक गटाला सांगितलेली मालकाची किंमत वेगळी होती. ज्यांना मोठा आकडा दिला, त्यांनी घराचे मूल्यही मोठे ठरवले. विद्यार्थ्यांप्रमाणेच हा परिणाम व्यवसायातील अनुभवी दलालांवरही झाला. फरक एवढाच की सांगितलेल्या किमतीचा आपण विचार केला, हे मान्य करण्यास दलाल कमी तयार होते.

पण या प्रयोगातील माणसांना घरापर्यंत नेलेले होते, ही बाब विसरू नये. आपल्या खरेदीदाराला स्वतःहून यायचे आहे. तो संकेतस्थळावर आपल्या ऐपतीची वरची मर्यादा भरतो आणि शोध घेतो. ज्याची मर्यादा शंभर आहे, त्याला एकशे पंधराचे घर दिसतच नाही. मग घासाघीस करायची कोणाशी? जो एकशे पंधरापर्यंत जाऊ शकतो, त्याला ते दिसते, पण त्याच किंमतपट्ट्यातील आपल्यापेक्षा सरस घरांच्या रांगेत. अशा वेळी आपले घर इतरांची घरे स्वस्त वाटावीत यासाठी उपयोगी पडते. पुढे तीन महिन्यांनी आपण शंभरावर येता, तोपर्यंत पहिल्या आठवड्यांतील साठलेले खरेदीदार पांगलेले असतात.

कमी करायचीच असेल, तर एक-दोन टक्क्यांनी पाच वेळा करण्यापेक्षा एकदाच अशी करावी की घर खालच्या शोधपट्ट्यात उतरेल आणि ज्यांनी ते कधी पाहिलेच नाही अशा लोकांपुढे जाईल. थोडी-थोडी कपात वाट पाहायला शिकवते; ‘आणखी महिनाभर थांबू, अजून उतरेल’ असे म्हणणारा खरेदीदार आपणच घडवतो.

एक अपवाद मनापासून नोंदवतो. आपले घर चारचौघांसारखे नसेल, जसे कलावंताने स्वतःसाठी बांधलेले, प्रशस्त कार्यशाळा असलेले किंवा अगदी विचित्र आकाराच्या जागेवरचे, तर थोडे चढे सांगून थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. साच्यातल्या घरांना खरेदीदार जे देऊ पाहतात ते एकमेकांच्या जवळपास असते, त्यामुळे थांबून फारसे हाती लागत नाही. आगळ्या घराबाबत शंभरांतील नव्व्याण्णव जण तोंड फिरवतात आणि एखादाच त्यावर जीव टाकतो. तो येईपर्यंतचे दिवस वाया गेले असे म्हणता येत नाही. मात्र तेवढे दिवस थांबण्याची आपली आर्थिक तयारी हवी.

प्रश्न : आमचे दलाल सुरुवातीला म्हणाले, ‘तुमच्या घराला सहज जास्त मिळेल.’ आता दोन महिन्यांनी तेच म्हणतात, ‘येईल ती ऑफर घ्या.’ त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : दोन्ही वाक्यांमागील हितसंबंध वेगळे आहेत, ते समजून घेतले तर राग कमी होईल. सुरुवातीला तीन दलाल आपल्या घराची किंमत सांगतात, तेव्हा सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याला काम मिळते. फुगवलेली किंमत येथूनच जन्म घेते आणि तेजीत ती सहज पटतेही. काम मिळाल्यानंतर चित्र उलटते. घराची किंमत शंभर आणि दलाली दोन टक्के धरू. आणखी काही आठवडे थांबून एकशे चार मिळाले, तर आपले चार वाढतात. दलालाचे वाढतात फक्त 0.08, म्हणजे शंभर रुपयांमागे आठ पैसे. तेवढ्यासाठी त्याने आणखी वीस वेळा दार उघडावे, अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे.

स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींची तुलना करून 2008 मध्ये दाखवले, की दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते इतरांच्या तशाच घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि 3.7 टक्के अधिक भाव मिळवतात. यावरून सर्व दलाल अप्रामाणिक ठरत नाहीत. ‘विका’ हा सल्ला त्यांच्या सोयीचा आहे की आपल्या, हे मात्र विचारावे लागते. त्यासाठी मत न विचारता पुरावा मागावा : गेल्या तीन महिन्यांत याच भागात याच क्षेत्रफळाची कोणती घरे विकली गेली, कोणत्या भावाला नोंदली गेली, आपल्या घराच्या किमतीच्या आसपासची किती अजून उभी आहेत आणि आलेल्या लोकांनी नेमके काय म्हटले. ज्याच्याकडे ही माहिती आहे, त्याचा कटू सल्लाही मी ऐकला असता.

प्रश्न : घर जुने झाल्यासारखे दिसू नये, म्हणून जाहिरात काढून पुन्हा ‘नवीन’ म्हणून टाकावी का?

उत्तर : नुसता दिनांक बदलण्यासाठी टाकू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एप्रिल 2006 मध्ये घरविक्रीच्या सामायिक नोंदव्यवस्थेने अशी पुनर्नोंद करून, घर किती दिवस विक्रीत आहे ही मोजणी शून्यावर आणण्यास बंदी घातली, तेव्हा आधीपासून रेंगाळलेल्या घरांना मिळणारा भाव खाली आला, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. म्हणजे युक्ती चालत होती, हे खरे. पण ती खरेदीदाराला अंधारात ठेवूनच चालत होती. आज पुष्कळ ठिकाणी जुन्या जाहिरातींची चित्रे सहज सापडतात आणि सापडली की घरापेक्षा मालकाचा संशय अधिक येतो. खिडक्या बदलल्या, ओल काढली, कागद पूर्ण केले, तर जाहिरात अवश्य नव्याने द्यावी आणि काय बदलले ते तीत स्पष्ट लिहावे. आधी किंमत जास्त होती हेही लपवू नये. घर इतके दिवस का राहिले, याचे ते सर्वांत निरुपद्रवी उत्तर आहे.

प्रश्न : मी खरेदीदार आहे. दोन घरांच्या चुरशीत हरलो. आता सात महिने पडून असलेले एक घर परवडते आहे, पण ‘इतक्यांनी नाकारले त्यात काही तरी असेल’ असे घरचे म्हणतात. पाहावे का?

उत्तर : अवश्य पाहावे, घरच्यांची शंका मात्र निराधार नाही. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते. घराच्या बाबतीत हा अज्ञानाचा अंधार दिवसांच्या मोजणीने भरून काढला जातो. आपल्या आधी आलेल्यांनी काही तरी पाहिले असेल, असे प्रत्येक जण समजतो, म्हणून तोही परत फिरतो आणि पुढच्या माणसासाठी नकारांच्या संख्येत एकाची भर घालतो. या साखळीतील पहिल्या काही नकारांना कारण होते. नंतरच्या कित्येकांना आधीच्या नकारांवाचून दुसरे कारण नसते. मला हे अन्यायाचे वाटते आणि आपल्यासारख्या खरेदीदाराला संधी मिळते ती नेमकी येथेच.

म्हणून पहिले कारण काय होते, ते शोधून काढावे. सुरुवातीची किंमत किती होती, हे विचारा. ती आजच्यापेक्षा वीस टक्के चढी असेल, तर पहिले चार-पाच महिने कोणी का आले नाही, याचा उलगडा होतो आणि घर निर्दोष असण्याची शक्यता वाढते. किंमत पहिल्यापासून माफकच असेल, तर सावध व्हावे. एखादा व्यवहार ठरून मोडला होता का, हेही विचारावे. तो कर्ज नामंजूर झाल्याने मोडला असेल, तर खरेदीदाराची ऐपत कमी पडली की बँकेच्या वकिलाने कागदांवर आक्षेप घेतला, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आक्षेप लेखी मागून घ्यावा आणि आपल्या वकिलाला दाखवल्यावाचून इसार देऊ नये.

घर एकदा पाहून मत बनवू नये. दुपारी शांत असलेला रस्ता संध्याकाळी कसा असतो, रात्री शेजारच्या इमारतीचा पंप कितीदा चालतो, पाऊस पडून गेल्यावर भिंतीला हात लावला तर काय जाणवते, हे तीन वेगळ्या वेळी जाऊनच कळते. मालकाने नुकताच एकाच भिंतीला रंग दिला असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे का ते पाहावे. अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून लेखी घ्यावा आणि तोच कागद समोर ठेवून भावाचे बोलावे. सात महिने वाट पाहिलेला मालक ‘घर वाईट आहे’ हे ऐकून कंटाळलेला असतो. छताच्या दुरुस्तीला इतका खर्च येईल, एवढे वजा करून मी घ्यायला तयार आहे, असे सांगणारा माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत असतो.